पेटी, ढोलकी आणि आमची वस्ती



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की कार्यकारिणीची मंडळी आमच्याकडे येतात आणि "दादा, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा" म्हणून बसून राहतात. दरवर्षी आम्ही विहाराच्या इतिहासावर लिहितो. पाया कोणी खणला, मूर्ती कोणी दिली, फरशी कोणाच्या देणगीतून बसली. ही नावे दारातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेली आहेतच. यंदा ज्यांचे नाव कुठल्याच पाटीवर नाही, अशा माणसांविषयी लिहायचे आम्ही ठरवले. ही माणसे म्हणजे रस्त्यावर, चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या गेटावर आणि स्टेशनच्या पुलाखाली गाणारी माणसे. हा विहार उभा राहण्याआधी याच जागेवर त्यांची ढोलकी वाजत होती. आज विहारात त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या कितीतरी घरांत बाबासाहेबांचा विचार प्रथम आला तो पुस्तकातून आला नाही, गाण्यातून आला.

मुंबई शहराचा इतिहास लिहिणारे गव्हर्नर, शेठजी, गोदी आणि गिरण्या यांच्याविषयी भरपूर लिहितात. गाणाऱ्यांविषयी मात्र दोन ओळी. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत काम करता करता जे वाचले, वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले आणि डोळ्यांनी जे पाहिले, ते मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

गाणे होते, मान नव्हता

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या समाजाला गाणे-वाजवणे नवीन नव्हते. गावगाड्यात वाद्येसुद्धा जातीने वाटलेली होती. हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी फुंकायची, संबळ कोणाच्या गळ्यात, हे ठरलेले. लग्न गावच्या पाटलाचे असो की जत्रा देवीची असो, चामड्याच्या वाद्याला हात लावायचा तो खालच्या मानलेल्या जातींनी. वाद्य वाजल्याशिवाय देव हलायचा नाही, पण वाजवणारा देवळाच्या पायरीला शिवला तर देव बाटायचा! तमाशाच्या फडातही तेच. बोर्डावर नाचणारी-गाणारी माणसे बहुतेक महार-मांग-कोल्हाटी समाजाची, आणि खाली बसून दौलतजादा करणारे वरच्या वर्गातले.

पोटराजाचे उदाहरण घ्या. वाढवलेले केस, कमरेला रंगीत चिंध्या, पायात घुंगरं, हातात कोरडा. बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन उभी आणि हा आपल्याच उघड्या अंगावर फटके मारतोय. आमच्या लहानपणी मुंबईच्या चाळींतसुद्धा मंगळवार-शुक्रवारी ते यायचे आणि पोरं घाबरून आईच्या मागे लपायची. ही कला म्हणायची की शिक्षा? देवाच्या नावाने माणसाने स्वतःला मारून घ्यायचे आणि त्या बदल्यात मूठभर तांदूळ मिळवायचे. गाणे होते, ताल होता, पण तो भिकेच्या झोळीला बांधलेला होता.

महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी घेतली नाही, अशी आठवण जुने लोक सांगतात. आपल्याच आयाबहिणींना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. त्यांचा राग गाण्यावर नव्हता, गाण्याच्या गळ्यात अडकवलेल्या लाचारीच्या दोरीवर होता. ही दोरी कोणी कापली? ती जलशांनी कापली.

जलसा : रस्त्यावरची शाळा

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्यांच्या अनुयायांनी गावोगाव सत्यशोधक जलसे सुरू केले. तमाशाचा साज घेतला आणि आतला मजकूर बदलला. भटजी-शेटजी कसे लुबाडतात, मुलीला शाळेत का घालावे, कर्ज काढून लग्न का करू नये, हे विषय ढोलकीच्या तालावर आले. आंबेडकरी जलसा हा याच झाडाला आलेला नवा फुटवा आहे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. त्या धामधुमीच्या काळात नाशिक भागातल्या तरुणांना घेऊन भीमराव कर्डक यांनी जलसा उभा केला. त्यांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप आणि कार्य' हे पुस्तक लिहिले म्हणून आपल्याला निदान एवढी माहिती तरी आहे. बाकी शेकडो जलसेकर आले, गायले आणि गेले. त्यांची नोंद नाही.

जलशाची बांधणी तमाशासारखीच होती. ज्या माणसाने कधी सभा पाहिली नाही तोसुद्धा ढोलकी वाजली की घोंगडी घेऊन येऊन बसायचा. पण गणात गणपतीऐवजी वंदन सुरू झाले ते बाबासाहेबांना. गौळणीतला कृष्णाचा चावटपणा गेला. वगाच्या जागी प्रसंग आले : वतनाचे जोखड, सावकाराची वही, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, पोराला शाळेत घालायला नको म्हणणारा बाप आणि त्याला समजावणारी आई. बायकांची कामे पुरुषच करायचे. गॅसबत्तीच्या उजेडात, बैलगाड्या जोडून केलेल्या बोर्डावर किंवा नुसत्या मातीवर हा खेळ रंगायचा. पेटी, ढोलकी, टाळ, तुणतुणं आणि मागे दोन-तीन झीलकरी, एवढाच संसार.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला. पण वाचणार कोण? आपल्या समाजात अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागत होता. एका वस्तीत एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. अशा वेळी जलसेकर हेच आमचे चालते-बोलते वर्तमानपत्र झाले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जलसेकर मोठ्या अभिमानाने सांगत.

एक महत्त्वाची गोष्ट. जलसेकर गाण्याच्या शेवटी झोळी फिरवत नव्हते. गाडीभाडे आणि भाकरी मिळाली की पुरे. कुणी आनंदाने बक्षीस दिले तर ते जाहीर करून घ्यायचे. हात पसरून गाणारा माणूस ताठ मानेने गाऊ लागला. आमच्या मते हे महाडच्या पाण्याइतकेच मोठे परिवर्तन आहे. महाडला आम्ही ओंजळीत पाणी घेतले, जलशात आम्ही आमचाच आवाज परत घेतला.

गिरणगावचा बोर्ड

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली गेली. पुढे पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, शिवडी हा सगळा मुलूख भोंग्यावर उठू आणि भोंग्यावर झोपू लागला. कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा इथून माणूस आला तो आपले गाणे गाठोड्यात बांधूनच आला. कोकणातल्यांचे नमन आणि शक्ती-तुरा, घाटावरच्यांची भेदिक लावणी, वारकऱ्यांचे भजन आणि आपल्या लोकांचे जलसे.

पण गिरणीतही जात होतीच. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. तिथे धोट्यात नवी कांडी घातली की तोंडाने ओढून धागा बाहेर काढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही ओढणार नाही म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणजे ज्या तोंडातला धागा चालत नव्हता, त्याच तोंडातून संध्याकाळी गाणे निघत होते आणि ते ऐकायला मात्र सगळ्या जातींचे कामगार उभे राहत होते!

ते उभे राहायला जागाही होती. १९२० नंतर बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा माणसे, ती पाळीप्रमाणे झोपायची. खोलीत मावत नव्हते म्हणून माणूस बाहेर होता. दोन चाळींमधले पटांगण हेच आमचे नाट्यगृह. चार बाकडी जोडली की बोर्ड झाला. मुख्य पाहुणे बोर्डासमोर, बाया-पोरं सतरंजीवर, आणि रातपाळीला निघालेला माणूस डबा हातात धरून कडेला उभा. भोंगा झाला की तो निघायचा आणि दुसऱ्या पाळीचा सुटलेला त्याच्या जागी येऊन उभा राहायचा. गर्दी तेवढीच राही, माणसे बदलत. तिकीट नाही, दरवाजा नाही, आणि जात विचारणारा कोणी नाही.

याच मुंबईने वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाहीर केले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा या शाहिरांनी रस्त्यारस्त्यावर पेटवला. याच मुंबईने देशवंडीच्या वामनदादा कर्डकांना घडवले. सिन्नर तालुक्यातले हे पोर आईबरोबर मुंबईला आले, मिळेल ते काम केले, शिवडीच्या चाळीत राहिले. प्रौढ वयात अक्षरे शिकले, १९४३ साली पहिले गाणे रचले आणि २००४ साली डोळे मिटेपर्यंत बाबासाहेबांचाच विचार गात राहिले. ज्याला वयात येईपर्यंत स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याच्या गाण्यांवर आज विद्यापीठात प्रबंध लिहिले जातात.

गायन पार्टी आणि सामने

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने होण्याआधीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. त्या दुःखातून आणि नव्या धम्माच्या आनंदातून जे गाणे फुटले ते गायन पार्ट्यांचे. जलशातला वग मागे पडला, गाणे पुढे आले. कव्वालीचा ठेका आला, कारण मदनपुरा-नागपाड्याची मुसलमान वस्ती आमच्या शेजारीच होती आणि सूर काही धर्म विचारून येत नाही. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावे ऐकली की आजही म्हाताऱ्या माणसांचे डोळे चमकतात. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजात पंढरीचा विठोबाही घराघरात गेला आणि भीमगीतही गेले. विठ्ठल उमप तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले. गाता गाता गेलेला असा दुसरा शाहीर विरळा.

दोन पार्ट्यांचा सामना लागला की रात्र कमी पडायची. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. बुद्धाच्या वडिलांचे नाव काय, चार आर्यसत्ये कोणती, पुणे करार कधी झाला, येवल्याला बाबासाहेबांनी काय घोषणा केली. उत्तर चुकले तर हजार माणसांत फजिती! त्या धाकाने गायक वाचायला लागले आणि त्यांच्याबरोबर ऐकणारेही शिकले. आम्हाला पुणे करार प्रथम कळला तो सामन्यात. २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख आम्ही पाठ केली ती चालीवर, म्हणून आजही विसरत नाही.

आमच्या वस्तीतले मास्तर

आता घरातली गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीत एक गायक होते. नाव देत नाही, जुन्या मंडळींना कळेलच. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. रिंगखात्यात कामाला आणि रात्री पेटीवर. लग्न असो, नामकरण असो, पुण्यानुमोदन असो, मास्तरांची पार्टी हजर. कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत त्यांनी स्वतः रचलेली आणि इतर कवींची उतरवून घेतलेली गाणी होती. प्रत्येक गाण्यावर चाल कोणती आणि ते प्रथम कुठे म्हटले, ते लिहिलेले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तो संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही. तो नुसताच विरत गेला आणि हजारो माणसे कायमची घरी बसली. मास्तर त्यातले एक. संपाच्या पहिल्या वर्षी ते सभांत आणि गेटावर गायले. पुढे सभा संपल्या. लोकांच्या घरात खायला नाही तिथे गायन पार्टीला सुपारी कोण देणार? ढोलकीवाला गावी गेला, झीलकरी भाजी विकायला बसला.

काही वर्षांनी, नामांतराच्या लढ्याच्या अखेरच्या दिवसांत, आम्ही एका स्टेशनच्या पुलाखालून चाललो होतो. ओळखीची पेटी ऐकू आली. पाहतो तर मास्तर! समोर रुमाल अंथरलेला, त्यावर चार-आठ आण्याची नाणी. आम्ही तेव्हा चळवळीतले गरम डोक्याचे पोर. सरळ जाऊन म्हणालो, "मास्तर, हे काय? समाजाची अब्रू घालवता. बाबासाहेबांनी भीक मागायला शिकवलं का?"

त्यांनी पेटी थांबवली नाही. गाणे पुरे केले, मग म्हणाले, "बाळा, मी काय म्हणतोय ते ऐकलंस का तू? सिनेमाचं गाणं म्हणतोय. अभंग म्हणतोय. इथं बसून एक तरी भीमगीत म्हटलंय का, विचार या चहावाल्याला. ते गाणं मी रुमालावर ठेवत नाही. ते वस्तीत, फुकट." आणि जरा थांबून म्हणाले, "भीक मागतो तो देणाऱ्याचं तोंड बघतो. मी गाणं बघतो."

आम्हाला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. वस्ती त्यांना सुपारी देत नव्हती, गिरणी काम देत नव्हती, आणि आम्ही मात्र अब्रूचा हिशोब विचारायला गेलो होतो.

पुढे एका संध्याकाळी गाडी आली आणि भिकाऱ्यांबरोबर मास्तरांनाही उचलून घेऊन गेली. चार दिवस घरच्यांना पत्ता नव्हता. शेवटी शोध लागला. विहाराच्या लेटरहेडवर 'सदर गृहस्थ गायक असून आमच्या संस्थेचे कार्यकर्ते आहेत' असे लिहून, मुलाला जामीन ठेवून त्यांना सोडवून आणले. परत आले ते पेटीशिवाय. पेटी कुठे गेली ते कधीच कळले नाही.

कायदा काय म्हणतो

त्या वेळी आम्ही कायद्याचे पुस्तक शोधून वाचले आणि थक्क झालो. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९५९ चा आहे. त्यात भीक मागणे म्हणजे काय ते सांगताना, सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने पैसे मागणे किंवा घेणे हेसुद्धा भीकच धरले आहे. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत अडकवून ठेवता येते. लोकल गाडीत गाऊन पैसे मागणाऱ्यांना रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याचे कलम १४४ आहेच.

आता विचार करा. मोठ्या सभागृहात गादीवर बसून हजार रुपयांचे तिकीट लावून गाणारा तो कलावंत, आणि तेच गाणे पुलाखाली गाणारा तो भिकारी. फरक गाण्यात नाही, छपरात आहे. डोक्यावर छप्पर असले की कला आणि नसले की गुन्हा! हा मनुस्मृतीचाच न्याय नव्या पुस्तकात आला, असे आम्हाला वाटते. दिल्लीत हा कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. घटना कोणाची, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आवाज मोठा झाला, गाणे लहान झाले

१९८० नंतर कॅसेट आली. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ठेले लागू लागले. एका दृष्टीने हे चांगलेच झाले. खेड्यातल्या माणसालाही गाणे मिळाले. पण गल्लीतल्या गायकाला बोलावण्याची गरज उरली नाही. कॅसेटनंतर सीडी, मग मेमरी कार्ड, आता मोबाईल. त्याचाही लाभ कधी होतो. औरंगाबादेत एकतारी घेऊन दारोदार भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलमुळेच महाराष्ट्राला माहीत झाल्या. ज्या जलशात बायकांची कामे पुरुष करायचे, त्याच परंपरेत एक बाई एकटी उभी राहून गाते, हे पाहून ऊर भरून येतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. शासन वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सवलत देते. नियम चांगला आहे, आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला झोप पाहिजे. पण रात्रभराचे सामने त्याने संपले. त्याच्या जागी आले काय? तर दहाच्या आत उरकायचा डीजे! छातीत धडधड होते, शब्द एक कळत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत आमची पोरे नाचतात त्याला आमची ना नाही. पण गाण्यात प्रश्न होता, उत्तर होते, तारीख होती. ते सगळे कर्ण्यात हरवले. डीजेला जेवढे पैसे एका रात्रीत देतो, तेवढ्यात पूर्वी वर्षभर गायन पार्टी चालली असती.

आणखी एक जखम आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा जण मारले गेले. रस्त्यावर गाणारे शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत त्यांनी आपले जीवन संपवले. गाणारा माणूस समाजाचे दुःख सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त सोसतो. आपण टाळ्या वाजवून घरी जातो, तो ते ओझे घेऊन एकटा झोपायला जातो. त्याची विचारपूस कोण करतो?

धम्म काय सांगतो

हल्ली काही तरुण विचारतात, विहारात गाणे-बजावणे कशाला? शीलाचा भंग होत नाही का? त्यांनी नीट समजून घ्यावे. नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील अष्टशिलांत आहे, ते उपोसथ पाळणाऱ्यासाठी. गृहस्थाच्या पंचशिलात ते नाही. दीघनिकायात पंचशिख वीणा वाजवून गातो, तेव्हा तथागत त्याला हाकलून देत नाहीत. तुझा सूर आणि तुझे गाणे एकमेकांना धरून आहेत, असे म्हणून त्याचे कौतुक करतात. सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करत होता. त्याला तथागतांनी समजावले तेही वीणेच्या तारेवरून. तार फार ताणली तरी वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. मध्यम मार्ग समजावून सांगायला भगवंतांना वाद्यच आठवले, मग आपण वाद्याला विहाराबाहेर का ठेवायचे?

आमची चूक

शेवटी एक कबुली देतो आणि थांबतो. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांच्या सगळ्या वह्या विहारात आणून दिल्या. मोजून अकरा होत्या. आम्ही त्या कपाटावर ठेवल्या. विहाराची दुरुस्ती निघाली, नव्या फरशा बसल्या, कपाट बदलले. जुने कागद, हिशोबाची फाईल, फाटक्या सतरंज्या यांच्याबरोबर त्या वह्याही रद्दीत गेल्या. त्या वेळी देखरेखीला आम्हीच होतो. कोणी विचारले नाही आणि आम्ही पाहिले नाही. रद्दीवाल्याने किलोच्या भावाने पैसे दिले, ते विहाराच्या पावती-पुस्तकात जमा आहेत. ज्यांची गाणी आम्ही आयुष्यभर फुकट ऐकली, त्यांच्या वह्या आम्ही विकल्या. गावगाड्याने आमच्या गायकांना झोळी दिली, कायद्याने भिकारी ठरवले, आणि आम्ही त्यांना रद्दीत घातले. मग आम्ही वेगळे ते काय?

म्हणून या वर्धापनदिनी कार्यकारिणीपुढे आणि आपल्या सर्वांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, वस्तीत ज्यांच्या घरात जुन्या गाण्यांच्या वह्या असतील त्यांनी त्या दाखवाव्यात. पोरांनी मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत, वही मालकाला परत द्यावी. दुसरी, म्हाताऱ्या आया-आज्यांना जी गाणी तोंडपाठ आहेत ती त्यांच्याच आवाजात भरून घ्यावीत. आज नाही केले तर उद्या विचारायला माणूस राहणार नाही. बी.डी.डी. चाळी पाडून टॉवर उठत आहेत, पटांगणे जात आहेत, निदान आवाज तरी वाचवू या. तिसरी, पुढच्या भीमजयंतीला डीजेच्या खर्चातला अर्धा पैसा बाजूला काढून एक गायन पार्टी बोलवावी, आणि मानधन पाकिटात घालून, बोर्डावर बोलावून, नाव पुकारून द्यावे. हातात द्यावे. रुमालावर टाकू नये.

आमच्या घरात एक वही सापडली आहे. मास्तरांनी आमच्या बहिणीच्या लग्नात म्हटलेली सात गाणी आईने त्यांच्याकडून त्याच रात्री उतरवून घेतली होती. अक्षर मोडके आहे, शाई पुसट आहे, पण वाचता येते. कार्यक्रमाच्या दिवशी ती वही विहारात टेबलावर ठेवणार आहोत. ज्यांना चाल आठवत असेल त्यांनी येऊन म्हणून दाखवावी, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं!
जयभीम! जय बुद्ध!